हिममित्र संस्थेचं सुशासन

कोणतीही संस्था उभी राहते ती बसणाऱ्यांच्या जोरावर. उभं राहणाऱ्यांच्या जोरावर फक्त कामं होतात.

आमच्या नारुकाझे गावाला हे कळायला फार उशीर लागला. जपानमधल्या अकिताच्या डोंगरातलं गाव. हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतो. एकशे बारा घरं, त्यांतल्या सत्तेचाळीस घरांत एकेकटी म्हातारी माणसं. छपरावरचा बर्फ वेळेवर खाली ढकलला नाही, तर छप्परच खाली येतं. तीन हिवाळे तात्सुओ कुदो नावाचा सुतार आणि त्याचे दोन मित्र फावडी घेऊन हे काम फुकट करत होते. कुणी हाक मारली की जायचं, बर्फ काढायचा, मुळ्याचं लोणचं खायचं आणि परत यायचं. दर हिवाळ्यात चाळीसेक छपरं मोकळी व्हायची. ध्येयधोरण नाही, नियमावली नाही, इतिवृत्त नाही. म्हातारी माणसं नुसतीच जगत होती. त्याची कुठं नोंद नव्हती.

नगर कार्यालयातून चौतीस वर्षांच्या सेवेनंतर मी निवृत्त झालो आणि ही अनागोंदी मला बघवेना. शहरात जाऊन मी ‘ना-नफा संस्थांचं व्यवस्थापन आणि नियमन : मूलतत्त्वे’ हे दोन दिवसांचं शिबिर केलं आणि जाडजूड फाईल घेऊनच परतलो. आठवड्याभरात ‘हिममित्र’ संस्था स्थापन झाली. निवृत्त मुख्याध्यापक इवादातेसान अध्यक्ष, मी सचिव, एकूण नऊ जणांचं नियामक मंडळ (सरासरी वय एकाहत्तर, फावडं उचलण्याची क्षमता : माहिती उपलब्ध नाही).

पहिले अकरा आठवडे ध्येयवाक्यात गेले. ‘छपरावरचा बर्फ काढणे’ हे कुदोनं सुचवलेलं वाक्य बालिश ठरून बाद झालं. शेवटी ‘हिमप्रवण ज्येष्ठत्वाचं सन्माननीय सक्षमीकरण’ यावर एकमत झालं. मग स्वयंसेवकांसाठी सोळा पानी अर्ज तयार झाला. त्यात ‘अर्जदाराचा बर्फाविषयीचा दृष्टिकोन (दोनशे शब्दांत)’ असा रकाना होता. कुदोच्या दोन्ही मित्रांना तो पाहूनच पाठदुखी सुरू झाली.

उरला एकटा कुदो. त्याचं काम इतकं चोख की गौरव म्हणून आम्ही त्याला मंडळाचा दहावा सदस्य केलं. इथं एक मूलतत्त्व लक्षात घ्यावं लागतं. मंडळानं दिशा दाखवायची असते, वल्हं मारायचं नसतं. सदस्यच कामाला हात लावू लागले, तर देखरेख कुणी कुणावर ठेवायची? कुदोला फावडं खाली ठेवावं लागलं.

“मग बर्फ कोण काढणार?” त्यानं विचारलं.

“तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे,” इवादातेसान मायेनं म्हणाले. “तुम्ही आता कामाचे राहिला नाहीत, कुदोसान.”

जानेवारीत मला तोमीआजीचा फोन आला. वय त्र्याऐंशी, घर गावाच्या वरच्या टोकाला.

“मोगामी, माझ्या स्वयंपाकघराचं दार सरकेना झालंय रे.”

सरकतं दार अडकलं म्हणजे वरची तुळई वाकायला लागली, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. पण पद्धत ती पद्धत.

“आजी, तुमचा अर्ज ब वर्गात आहे. पाहणी झाल्याशिवाय तातडीचा अ वर्ग मिळत नाही.”

“पाहणी कसली? छपरावर बर्फ आहे. पांढरा आहे.”

“ते लेखी लागेल.”

“मेल्या, माझ्या झाडावर चढून फळं चोरायचास तेव्हा लेखी द्यायचास का?”

पाहणी आणि बैठक एकदमच उरकावी म्हणून मंगळवारी दुपारी आम्ही पाच जण तिच्याच घरी जमलो. गणसंख्या पाचचीच होती. त्यांत कुदोही होता. गोधडी पांघरलेल्या, खालून ऊब देणाऱ्या बैठ्या टेबलाखाली पाय घालून आम्ही बसलो. आजीनं चहा आणि लोणचं ठेवलं. मागच्या इतिवृत्तावर चर्चा सुरू असताना वर कडाड असा आवाज झाला. सगळ्यांनी विषयपत्रिकेकडे पाहिलं. आम्ही विषय क्रमांक दोनवर होतो; हा आवाज क्रमांक सहामध्ये येत होता.

कुदो उठला.

“बसा,” इवादातेसान म्हणाले. “तुम्ही गेलात तर गणसंख्या मोडेल. मग छपराबद्दल निर्णय कसा घ्यायचा?”

“निर्णय छप्परच घेतंय,” कुदो म्हणाला. त्यानं विषयपत्रिकेच्या पाठीवर एका ओळीत राजीनामा खरडला.

“तो बैठकीत मंजूर व्हावा लागतो,” मी म्हणालो.

“मग करा मंजूर.” तो शिडीकडे गेलासुद्धा.

आजी गमबूट चढवू लागली. “छपरावर माणूस एकटा सोडायचा नसतो. खाली कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं. तुम्ही बसा हो, लोणचं घ्या.”

आम्ही बसलो. डोक्यावर पावलं वाजत होती. फावड्याची खरखर, मग धप्प. चहात धूळ पडत होती. माझे पाय उबेत होते आणि ते मी बाहेर काढले नाहीत. हे इतिवृत्तात नाही.

मग एकदम मोठा ढीग घसरला आणि अंधार झाला. खिडक्यांना हिवाळ्याच्या फळ्या ठोकलेल्या, आणि एकुलतं बाहेरचं दार गाडलं गेलं होतं.

“आजी!” अध्यक्षांनी आरोळी ठोकली.

“ऐकू येतंय. कुणाला लागलं का?”

“नाही, पण आम्ही अडकलोय!”

“म्हणजे ब वर्ग,” बर्फापलीकडून आवाज आला. “शेजारच्या सेकीबाईचंही दार सरकत नाहीये. आधी तिचं छप्पर, मग तुम्ही.”

आम्ही तीन तास आत होतो. गणसंख्या नसल्यामुळे घाबरण्याचा ठराव करता आला नाही; आम्ही अनौपचारिकपणे घाबरलो.

वार्षिक अहवालात मी लिहिलं : पाहणी केलेली घरं एक, सुरक्षित झालेली घरं एक, यश शंभर टक्के. (क वर्गातली दोन छपरं फेब्रुवारीत बसली. माणसं सुदैवानं लेकीकडे गेली होती, म्हणून ती ‘स्थलांतरित’ या रकान्यात घेतली.)

यंदाच्या हिवाळ्यात कुदोच्या मित्रांची पाठदुखी बरी झाली. चौऱ्याऐंशी वर्षांची तोमीआजी शिट्टी गळ्यात अडकवून खाली उभी राहते. त्रेचाळीस छपरं झाली. त्यांच्या संस्थेला नाव नाही, अध्यक्ष नाही. आम्ही त्यांना पत्र पाठवून आमच्या मार्गदर्शनाखाली येण्याची संधी दिली. आजीनं त्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहिलं : “या. येताना फावडं आणा.” या मजकुराचा अर्थ लावायला तिघांची उपसमिती नेमली आहे.

कुदोची जागा मात्र रिकामी आहे. तिथं कुणाला घ्यावं याचा मी बराच विचार केला. माणूस सुशिक्षित हवा, सहृदय हवा, आणि हातात काही न घेता बसून राहणारा हवा. तुम्ही आत्ता एक म्हातारी बाई बर्फात उभी असल्याची हकिगत शेवटपर्यंत बसून वाचलीत, दोन-तीनदा हसलात, आणि “आमच्याकडेही अगदी असंच चालतं” असं मनाशी म्हणून पुन्हा टेकून बसलात. तुमचं नाव मी सुचवलं आहे. हरकत असेल तर उठून या; बसून राहिलात, तर नियम बाराप्रमाणे ती संमती धरली जाते.