क्लाइव्हचे तेहेतीस अंश

गरम किंवा गार असं जगात काही नसतं. कोणाच्या मानाने, एवढाच प्रश्न असतो. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत खाणींसाठी आश्रय-कोठड्या बनवणाऱ्या एका कंपनीने हे सत्य व्यवहारात आणलं, त्याबद्दल तिचे आभार मानावे तेवढे थोडेच. (खाणीत आग लागली की बारा कामगारांनी या लोखंडी कोठडीत शिरायचं, दार लावायचं आणि सुटकेची वाट पाहायची. आत शिजायचं नाही, एवढीच अट.)

आतली उष्णता भिंती किती चटकन ओढून घेतात, याचा गुणांक संगणकावर काढणं हे ब्रोनवेनचं काम. निकष किमान बाराचा, तिचा आला चार. तीन आठवडे झाले, हवेचे चाळीस लाख कप्पे पाडून झाले, आकडा ढिम्म हलेना.

साहेब, म्हणजे क्लाइव्ह, खिमा भरलेला मीट पाय खातखात आला. "उष्णतेला भागतेस कशाने?"

"हवा आणि भिंत यांच्यातल्या फरकाने. हवा पस्तीस अंश, भिंत बत्तीस. फरक तीन."

"पस्तीस कशाला धरलेस, बाई? तेहेतीस धर. फरक एक. झाले की बारा!"

"अरे, पण हवा पस्तीसच आहे ना!"

"हवेला कोण विचारतंय? अहवालात गुणांक छापायचाय, हवा नाही."

हिशेब बिनचूक होता. भिंतीतून जाणारी उष्णता तसूभरही वाढली नव्हती, पण गुणांक तिप्पट झाला होता, तोही एक खिळा न ठोकता. (बत्तीस धरले असते तर तो अनंत झाला असता, क्लाइव्हने विनयापोटी मोह आवरला.)

ब्रोनवेनला त्या बारा माणसांच्या जिवाची भीती वाटली. शिवाय कंपनीचा रिवाज होता: अहवालावर ज्याची सही, त्याने चाचणीला अकरा जणांबरोबर कोठडीत बसायचं.

"आकडा तुझा, सहीही तूच कर," ती म्हणाली. क्लाइव्हने झोकात केली.

दोन तासांत आतून दारावर धपाधप थापा पडू लागल्या. फोनवर क्लाइव्ह ओरडत होता, "उघड गं! उकडून मेलो!"

"कोणाच्या मानाने, क्लाइव्ह?" तिने शांतपणे विचारलं.

मग मात्र तिने लगेच दार उघडलं. उरलेल्या अकरांनी सही केली नव्हती. कोठडी नापास झाली.

आता वाचकहो, हसून झालं असेल तर आठवा. काल कोणी "कसं काय?" विचारलं, तेव्हा तुम्ही "बरं चाललंय" म्हणालात. म्हणताना नजर शेजाऱ्याच्या घराकडे होती, आणि घाम पस्तीस अंशांचाच येत होता.