स्लायडर दुबईहून येईस्तोवर

ट्रॉली जोडायचं जालिंदरला कुणी शिकवू नये! चौथी नापास असलो तरी केजकडच्या कारखान्यावर अकरा वर्षं ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात मी. अशा भरलेल्या, की बघणाऱ्याला वाटावं फडच उठून चाललाय! म्हणून दोन हजार दोन साली कतारात माझ्या कफीलनं अमेरिकेचा कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आणला आन विचारलं, "जालिंदर, पिकअपला जोडेगा?" तेव्हा मी छाती अशी फुगवली की शर्टाचं बटण उडालं.

कफील म्हणजे आपला मालक. त्याच्या सहीबिगर विमानात पाय ठेवता येत नाय. आन मला सही पाहिजेच होती. गावाकडं माझं घर उभं राहिलं होतं, मी ते फक्त फोटोत बघितलेलं. वास्तुशांत दोनदा पुढं ढकलली. बायको, केसरबाई, फोनवर कडाडली, "अवो, बुधवारचा मुहूर्त हाय. ह्या टायमाला नाय आलात तर भटजी म्हणतेत, पाटावर तुमच्या जागी सुपारी मांडू!"

"सुपारी?"

"हां. ती बोलावली की येती तरी!"

कफील म्हणाला, गुरुवारी कॅरव्हॅन शमालच्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाच्या, समुद्रावर पोचव, सही घे. शनिवारचं विमान. लई सोपं!

गेलो सनायात, म्हणजे तिथल्या गॅरेजांच्या वस्तीत, इनायतभाईंच्या दुकानात. रत्नागिरीचा माणूस, वीस वर्षं गाड्यांचं सामान विकतोय. आता हा कॅरव्हॅन ट्रॉलीसारखा मागं लटकत नाय. त्याचं नाक पिकअपच्या हौद्यावर येतं आन खालची पिन हौद्यात बसवलेल्या प्लेटीत अडकते. त्या प्लेटीच्या हिचला, म्हणजे जोडाला, म्हणतात पाचवं चाक. चाक कुठंच नाय!

इनायतभाई म्हणाले, "तुझ्या पिकअपचा हौदा आखूड. साधा हिच लावलास तर वळताना कॅरव्हॅनचा कोपरा कॅबिनीत घुसेल. स्लायडर घे. वळताना प्लेट फूटभर मागं सरकते."

"द्या की मग!"

"दुबईहून येईल. तीन आठवडे, इन्शाल्ला."

"तोवर माझ्या पाटावर सुपारी बसंल, भाई!"

त्यांनी टेबलावर दोन काड्यापेट्या मागं-पुढं ठेवल्या आन मागची फिरवली. कोपरा टकदिशी पुढचीला लागला. "बघ."

"भाई, काड्यापेटी ती काड्यापेटी, गाडी ती गाडी!" मी बाहेर जाऊन कॅरव्हॅन सरळ उभा केला आन मधल्या फटीत हात घातला. खांद्यापर्यंत गेला! "ह्यातून म्हैस जाईल!"

"उभ्या गाडीत जाईल," इनायतभाई म्हणाले. "वळत्या गाडीत शेळी पण नाय."

साधा हिच घेतला. स्वतः बोल्ट आवळले.

गुरुवारी निघालो. कफील शेजारी. रस्ता असा सरळ की स्टेअरिंग नसतं तरी चाललं असतं. उम्म सलाल मोहम्मद गाव मागं पडलं, मी शीळ घालायला लागलो. कफील खूश! "जालिंदर, तुम मुहंदिस! पक्का इंजिनियर!" म्हणाला, आन खिशातून माझ्या देश सोडायच्या परमिटचा कागद काढून डॅशबोर्डवर धरून सही ठोकली! माझ्या डोळ्यापुढं केसरबाई, नवं दार, आंब्याचं तोरण...

शमालचा गोल चौक आला. समुद्राकडं जायला पाऊण चक्कर मारायची. "यसार, यसार!" कफील डावीकडं हात करतोय. मी स्टेअरिंग पिळलं.

कर्र्र... फाड!

मागची काच खडीसाखरेसारखी आमच्या डोक्यावरून मांडीवर सांडली. मी घाबरून रिव्हर्स टाकला. नाक अजून आत आलं! आता कॅरव्हॅन आमच्या दोघांच्या मधे तोंड घालून बसला, जणू तोही सही मागायला आला! मागं हॉर्नच हॉर्न.

कफील ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गप त्या सही केलेल्या कागदानं पांढऱ्या झग्यावरची काच गोळा केली, कागदाची नीट पुडी बांधली आन माझ्या हातात दिली.

"स्लायडर आये, फिर तुम जाये. खलास."

माझी सही, माझं विमान, माझी वास्तुशांत, सगळं त्या पुडीत! इनायतभाईंना सांगितलं तर ते हसले पण नाहीत. नुसती खिशातली काड्यापेटी टेबलावर ठेवली.

तीन आठवड्यांचा स्लायडर सात आठवड्यांनी आला. मीच बसवला. त्याच चौकातून कॅरव्हॅन लोण्यासारखा वळला, मेला!

चैत्रात घरी पोचलो. नव्या उंबऱ्यावर केसरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आन हाताला धरून थेट देव्हाऱ्यापाशी नेलं. आत हळदकुंकू लावलेली सुपारी, मस्त बसलेली.

"हात जोडा," ती म्हणाली. "तुमच्या आधी ह्यांनी गृहप्रवेश केलाय. पूजाभर एक शब्द बोलले नाहीत, लई शांत स्वभाव."

जोडले हात. काय करता? माझ्यासारखी वळताना त्यांनी काच तरी फोडली नव्हती!