एकेचाळीस बाळांच्या वजनाची हकीकत

श्रीहरी. या हो श्रोतेजन, पुढे सरका. भिंतीला टेकून बसल्यास कथा अंगी लागत नाही. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा आणि कान इकडे द्या. एका खुल्या दप्तराची आणि त्यात शहाणपणाने बसविलेल्या एका दाराची हकीकत सांगतो, ती पुरती सांगतो, अर्ध्यावर आरती करणार नाही.

शालिवाहन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, ते समयी एका राज्यात वैद्यकीची थोर मोहीम चालू होती. डोंगरमुलुखी बाळे हलकी जन्मत आणि महिन्याच्या आत डोळे मिटत, सबब थोरले वैद्यराज त्रिंबकराव यांणी नवे थेंबांचे औषध पारखावयाचे योजिले. निम्म्या बाळांस औषध, निम्म्यांस तैसेच दिसणारे साधे थेंब, बाकी शुश्रूषा सर्वांस सारखी, आणि कोणत्या बाटलीत काय हे मोहोरबंद, खुद्द वैद्यराजांसही ठाऊक नाही. मग इतक्या नोंदी ठेवाव्या कशात? विकाऊ दप्तरे पुष्कळ, परंतु त्यांच्या किल्ल्या विकणाऱ्याच्या कमरेला. एक रकाना हलवावयाचा तर अर्ज करावा आणि सहा महिने वाट पाहावी. तो परमुलुखीच्या विद्वानांनी संगणकाचे एक दप्तर रचून जगास मोकळे दिले होते, बांधणी सारी उघडी, कोणीही वाचावी, आणि आपल्या सोयीने त्यास खिडक्या पाडाव्या, दारे बसवावी. जैसा अभंग संताचा आणि चाल ज्याच्या त्याच्या गळ्याची. ते दप्तर कालिंदीबाई शिरढोणकर दप्तरदारीण यांणी आणविले आणि तीन महिने खपून राज्याच्या अंगाबेताचे केले. त्यात पुसणे नाही. चुकले ते सुधारता येते, परंतु जुना आकडा खाली तैसाच राहतो, आणि कोणी बदलिला, केव्हा, कशासाठी, हेही त्याच्या उशाशी कायम राहते. आणि बाईंनी रकान्यारकान्यावर द्वारपाल नेमिला, की बोट चुकून भलता आकडा आत न शिरावा. वजन दीड हजार ग्रॅमांखाली भरले की द्वारपाल म्हणे, ‘आकडा तपासा’, आणि पुढे जाऊ देत नसे. याहून हलके मूल डोंगरठाण्याच्या दवाखान्यात राहील कशाला, थेट शहरी पोचेल, ऐसे बाईंस वाटले. मोहिमेच्या हुकुमात ही मर्यादा नव्हती. ती बाईंच्या पदरची.

आश्विन शुद्ध पंचमीस बाई तक्ते न्याहाळीत बसल्या, तो डोंगरठाण्याची एकेचाळीस बाळे नेमकी दीड हजार ग्रॅमांची! ना पाच कमी, ना पाच जास्त. देव मापे घालतो खरा, पण इतकी एकसारखी घालीत नाही. मग त्यांणी ठाण्याच्या सिस्टर सेवंतीबाई वळवी यांस फोन लाविला.

“सिस्टर, ही सगळी दीड हजाराची कशी हो?”

“कशी म्हणजे? तुमच्या दारानं केली तशी,” सिस्टर बोलत्या जाहल्या. “पहिलं पोर बाराशे चाळीसचं. मी बाराशे चाळीस घातलं, दार म्हणे तपासा. पुन्हा तोललं, पुन्हा घातलं, पुन्हा तपासा. आणि वजन आत गेल्याशिवाय बाटलीचा नंबर निघत नाही. सांगा बाई, दाराशी भांडत बसू, की दीड हजार लिहून पोराच्या तोंडात थेंब घालू?”

“मला कळवायचं तरी!”

“दोनदा कळवलं. तुमच्या कचेरीतून उत्तर आलं, काटा तपासून घ्या.”

ते उत्तर बाईंनीच धाडिले होते.

मग त्या वैद्यराजांपुढे जाऊन सारे सांगत्या जाहल्या. वैद्यराज कपाळास हात लावून बोलिले, “कालिंदीबाई, पौर्णिमेस तपासनीस येणार, आणि तुम्ही आज हे ताट वाढता? असू द्या दीड हजार. एकेचाळीस पोरांपायी मोहिमेची अब्रू घालवाल काय?”

“साहेब, औषध कोणासाठी पारखतो आपण? जी सर्वांत हलकी, तीच आपण एका मापात कोंबली. उद्या निकाल लागेल तो खोट्या बाळांचा लागेल, आणि खऱ्यांस त्याप्रमाणे थेंब देतील.”

“आणि चूक कोणाची म्हणून लिहाल? सिस्टरची?”

“माझी. एकेचाळीस वेळा.”

वैद्यराज जीपची चिठ्ठी लिहून पुढे सरकवीत म्हणाले, “जीप घेऊन जा. ड्रायव्हरला पान देऊ नका, वळणावर थुंकायला मान बाहेर काढतो.”

मग बाईंनी प्रथम द्वारपालास आज्ञा फिरविली. बांधणी उघडी, अर्ज नाही, मिनत्या नाहीत; एक ओळ बदलली आणि आता तो हलके वजन पाहून ‘पुन्हा एकदा तोला’ ऐसे विनवी, परंतु वाट अडवीत नसे. मग बाई डोंगरी चढल्या. ठाण्यावर जन्मलेली अठ्ठावीस बाळे सिस्टरांच्या वहीत खऱ्या वजनानिशी होती, अकराशे ऐंशी, तेराशे पाच, ऐसी. ती त्याच दिवशी उतरविली. परंतु तेरा बाळे घरी जन्मलेली. सिस्टरांनी झोळीच्या काट्याने घरीच तोलून वजन पिवळ्या कार्डावर लिहिले आणि कार्ड आईपाशी ठेविले. मग दोघी पाड्यापाड्याने निघाल्या, आणि कोठे कार्ड देवाच्या फळीवर, कोठे कणगीत, एके ठिकाणी बकरीने कोपरा खाल्लेला परंतु आकडा वाचला होता. बाईंच्या टाचा फुटल्या, तरी रोज दोन पाडे झाल्याशिवाय त्या पाणीदेखील टेकून बसून पीत नसत. सिस्टर म्हणत, “शहरातल्या बाया इतक्या हट्टी असतात, हे कोणी सांगितलं नव्हतं.” येणेप्रमाणे सहा दिवसांत बारा कार्डे सापडली.

तेराव्या घरी बिजलीबाई नावाची बाळंतीण. तिची लेक नऊ दिवस जगली. बाईंनी कार्ड विचारिले, तो नवरा दारातूनच म्हणाला, “तिच्यासंगंच ठेवलं मातीत. तिचा तेवढाच कागद होता.”

पाड्याबाहेर आल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, “बाराशेच्या आसपास होती. मला आठवतं. बाराशे लिहा.”

कालिंदीबाईंचे बोट फोनवर थांबले. चाळीस जुळली होती. एका आकड्याने ताळा पुरा होत होता, आणि सिस्टरांचा शब्द काही खोटा नव्हता. तरी त्या म्हणाल्या, “नाही सिस्टर. आसपास लिहूनच इथवर आलो.” परंतु दप्तरात वजन न लिहिता पुढे जाण्यास जागाच नव्हती. मग बाई तेथेच दगडावर बसल्या, संगणक मांडीवर घेतला, आणि त्या रकान्यास एक नवी खिडकी पाडिली: ‘ठाऊक नाही’. तिजखाली कारणाची ओळ ठेविली, आणि त्या ओळीत लिहिले, ‘कार्ड बाळासोबत मातीत. चूक दप्तरदारिणीची.’

पौर्णिमेस तपासनीस आले. बाईंनी एकेचाळीस दुरुस्त्या भर दरबारी उभ्याने वाचल्या. तपासनीसांनी शेवटची ओळ स्वतः पुन्हा वाचली, चष्मा पुसला आणि विचारिले, “ही खिडकी बाकीच्या ठाण्यांनाही आहे?” बाई म्हणाल्या, “आजपासून.” मग मोहीम पुढे चालविण्याचा शेरा पडला, दप्तरदारिणीस ताकीदही लिहिली गेली, आणि ती तेथे आजही आहे, कारण त्या दप्तरात पुसणे नाही.

तात्पर्य इतुके: चाळीस वजने खरी जाहली, एक ठाऊक नाही ऐसे ठरले, आणि थेंबांचा गुण मोहोर फुटेल तेव्हा कळेल. श्रोतेहो, उठण्यापूर्वी एक मागणे. घरी देवापाशी दिवा लावाल, तेव्हा बिजलीबाईच्या त्या लेकीस आठवा. तिचे नाव ठेवावयाचे राहून गेले होते.