आप्पांचं पट्टेरी गवत

"हिरवं आलं!"

रोज सकाळी सातला आमच्या शेजारून ही आरोळी उठते. मंगळवार पेठेत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, चोर सापडला. प्रत्यक्षात आप्पांना कुंडीत एक साधी हिरवी काडी सापडलेली असते.

आप्पा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दारातल्या पस्तीस कुंड्यांत त्यांनी शोभेचं गवत लावलंय. पांढऱ्या पट्ट्यांचं, पिवळ्या पट्ट्यांचं, एक तर चक्क आडव्या पट्ट्यांचं. गवत म्हणजे म्हशीचा चारा, एवढंच ठाऊक असलेल्या आमच्या गल्लीला हे पचायला वेळ लागला. गवळी विचारायचा, "आप्पा, म्हस कवा आणताय?" मग आप्पा त्याच्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत. दूध मात्र त्याच्याकडूनच घ्यायचे.

या गवताची एक खोड आहे. मधूनच एखादा फुटवा बिनपट्ट्याचा, निव्वळ हिरवा येतो. तो भलता जोमदार. ठेवला तर सगळी कुंडी बळकावतो. म्हणून आप्पांचा कायदा कडक. "विनातिकीट हाय ते! दिसलं की मुळासकट खाली उतरवायचं."

गेल्या महिन्यात ते दोन दिवस लेकीकडे गडहिंग्लजला गेले आणि कुंड्या माझ्या ताब्यात दिल्या. "मास्तर, दयामाया दाखवायची न्हाय," एवढं बजावून गेले. मी शाळामास्तर, सांगितलेलं ऐकणारा. मागच्या परड्यात, धुण्याच्या दगडाजवळ, मला एक अख्खी कुंडी हिरवीगार सापडली. आप्पांच्या नजरेतून सुटलेली! मी ती मुळासकट रिकामी केली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

आप्पा आले, कुंडी बघितली आणि मटकन दगडावर बसले.

"ही हिची कुंडी हुती," ते म्हणाले. "मी उपटाय गेलतो, तर म्हणाली, असू द्या की, हिरवंच चांगलं दिसतंय. मग ठेवलं."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपटलेलं गवत कोपऱ्यात पडलं होतं. दोघांनी उकिडवं बसून त्यातली चार ओली मुळं निवडली आणि परत लावली. "गवत हाय, येतंय की," आप्पा म्हणाले, पण ते मला धीर द्यायला. नंतरचे पंधरा दिवस आरोळी बंद. दारातल्या कुंड्यांत हिरव्या काड्या माजल्या, आप्पांनी हात लावला नाही. मी शाळेला मान खाली घालून जायचो.

काल सकाळी सातला माझं दार धडाधडा वाजलं. बाहेर आप्पा, हात चिखलाने भरलेले, डोळेही भरलेले.

"मास्तर, परड्यात या! हिरवं आलं!"