सुभेदारांचं पेकन

थंडी पडली की आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार, बर्फ विकत आणतात. झाडासाठी. सकाळी सकाळी बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आणायची आणि बुंध्याशी ठेवायची. कराडची थंडी त्यांच्या मते 'निव्वळ शिविलियन' आहे.

झाड पेकनचं, अक्रोडाच्या भाऊबंदांतलं, कडक थंडी लागल्याशिवाय न फळणारं. फौजेत असताना सुभेदारांना हिमाचलात वर्षभर क्वार्टर मिळालं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यांच्याजवळ राहिल्या त्या तेवढ्याच. बाकी सगळी नोकरी सुभेदार सीमेवर आणि काकी गावाकडे सासू, म्हशी अन् ऊस सांभाळत. आमच्याकडच्या फौजी घरांची रीतच ती. त्या क्वार्टरच्या अंगणात पेकन होतं, आणि काकी अजून त्या झाडाचं नाव काढतात. म्हणून सुभेदारांनी तिकडून रोपं मागवली.

"मंडळीला घरचं पेकन खाऊ घालायचं, मास्तर. मग मी मोकळा."

रोपं दोन आली. एक त्यांच्या परसात, दुसरं माझ्या. मला कोणी विचारलं नाही. "ह्ये एकटं नीट फळत न्हाई, जोडीदार लागतो," असा हुकूम सुटला आणि माझ्या लिंबाची बदली झाली. रोज संध्याकाळी दोन्ही झाडांची तपासणी. पान पिवळं दिसलं की दम भरायचा, "सिक लीव्ह न्हाई मिळायची, जवान!" आतून काकी हाक मारायच्या, "आवं, च्या निवला." हे "आलो, आलो" म्हणायचे आणि अंधार पडेपर्यंत परसातच. अशी कैक वर्षं गेली.

गेल्या वर्षापासून काकींना दम लागतो. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नाहीत. सुभेदारांचा मात्र जीव टांगणीला लागला, झाड आधी फळतंय की काकींचं काही बरंवाईट आधी होतंय.

यंदा दिवाळीच्या सुमारास मूठभर फळं उतरली. इस्त्रीचा शर्ट घालून सुभेदारांनी मला बोलावून घेतलं आणि काकींच्या कॉटजवळ बसून अडकित्त्याने फळं फोडायला सुरुवात केली. पहिलं पोचट. दुसरंही पोचट. अखेर एकात गर निघाला. तो काकींनी सावकाश चावून खाल्ला.

"कसं हाय?"

"बरं हाय."

"तिकडच्यासारखं?"

काकींनी पदराने ओठ पुसले. "तिकडचं मला कवा आवडायचं? तुरट लागायचं."

"मग रोज त्या झाडाचं नाव का काढत हुतीस?"

"त्याच्याखाली बसून मी तुमची वाट बघायची. अन् दिस मावळला की तुमी यायचा." त्यांनी दम घेतला. "बाकी जलमभर नुसती वाटच बघितली. हितं आल्यावर बी."

सुभेदारांनी अडकित्ता खाली ठेवला. मी हळूच उठलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परसात आले नाहीत. दोन्ही झाडांना मीच पाणी घातलं. त्यांच्या खिडकीखाली पाइप धरून उभा होतो, तेव्हा आतून सुभेदारांचा आवाज आला. इतका हळू की आधी ओळखूच आला नाही.

"माझी आई गेली तवा तुझ्याजवळ कोन हुतं गं?"

मी नळ बंद केला. आत काकी थांबत थांबत सांगत होत्या.