लक्ष्मीकांत पहिले यांचा राज्यत्याग

गादीवर बसणे सोपे असते. अवघड असते ते शोभेलसे उठणे. सोळाव्या शतकातल्या बहुतेक युरोपीय राजांना ही विद्या अवगत नव्हती. (इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला सहा लग्नांतून सवड नव्हती, स्कॉटलंडच्या मेरीची तर आधी गादी गेली आणि मग मान.) कुवेतमधल्या एका मराठी मंडळाने मात्र यावर अचूक तोडगा काढला होता.

मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत प्रधान हे इस्पितळातले लॅब टेक्निशियन. दर वार्षिक सभेत ते राजीनामा देत. लगेच गणपत सुतार उठून म्हणे, "सायबानू, तुमी नाय तर मंडळ नाय!" मग सभा आग्रह करी, अध्यक्ष नको-नको म्हणत आणि डोळे पुसून पुन्हा बसत. आठ राजीनामे, आठही नामंजूर. आग्रहाची सरासरी अकरा मिनिटे. (१९७६ साली बावीस लागली आणि बटाटेवडे गार झाले.)

१९७९ साली मुलीच्या, मुक्ताच्या, इतिहासाच्या पुस्तकात त्यांना पाचवा चार्ल्स भेटला. अर्ध्या युरोपचा धनी. पण कारभाराला आणि सांधेदुखीला कंटाळून, एका सरदाराच्या खांद्यावर हात टेकून, भर दरबारात रडत राज्य सोडणारा. लक्ष्मीकांतरावांना गहिवरून आले.

"मग त्याला कुणी थांबवलं नाही?"

"बाबा, ही रिअली वॉन्टेड टु गो," मुक्ता म्हणाली.

हे उत्तर त्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

शुक्रवारी सलवा या उपनगरात मंडळाच्या सभासद डॉ. विजयाबाईंच्या घरी वार्षिक सभा भरली. उपाध्यक्ष जगन्नाथ यांच्या खांद्यावर हात टेकून अध्यक्ष चाळीस मिनिटे बोलले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग ते थांबले आणि आग्रहाची वाट पाहू लागले. ती खुर्ची त्यांना जिवापाड प्रिय होती.

गणपतला त्याच्या कफिलाने, म्हणजे व्हिसाच्या मालकाने, सकाळीच दूर सरहद्दीकडच्या वफ्राला दारे बसवायला नेले होते. उरलेल्या एकोणसाठ सभासदांची समजूत अशी, की आग्रह हे खाते गणपतकडे आहे.

"इतकं मनापासून बोललेत," विजयाबाई हळहळल्या, "आता अडवणं बरं दिसत नाही."

टाळ्या पडल्या. खांद्यावरचा हात निघायच्या आत जगन्नाथ अध्यक्ष झाले होते. वडे यंदा गरम मिळाले. लक्ष्मीकांतरावांनी आपला वडा तेवढा बशीतच ठेवला.

हसलात? 'आता तुमचं तुम्ही बघा, मी आपला बाजूला होतो,' असे तुम्हीही गेल्याच आठवड्यात घरात म्हणालात. पुढच्या वेळी म्हणण्याआधी तुमचा गणपत घरात आहे ना, तेवढे पाहून घ्या.