व्हीलचेअरवर बसल्या सिस्टर

वॉर्डातल्या काउंटरमागच्या तिन्ही खुर्च्या सोमवारी सकाळी गायब झाल्या. नर्स बसलेली दिसली की पेशंटच्या नातेवाइकांना वाटतं, इथे कामच नाही, असा शोध नव्या मॅनेजरांना लागला होता. हॉस्पिटल खासगी आणि चकाचक. खाली कारंजं होतं, कारंज्याभोवती सोफे होते. नर्सेसनी मात्र बारा तास उभं राहायचं.

मोठ्या सिस्टरांना सगळे अक्का म्हणत. अक्कांचे गुडघे आधीच कुरकुरत होते, बुधवारपर्यंत पावलंही सुजून बुटांत मावेनात. त्यांची नणंद ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होती. तिथे चाळीस पेशंटांमागे दोघी, आणि तिसरी मागितली की विश्वस्त सेवाभावावर तासभर बोलायचे. खुर्च्या होत्या, पण टेकायला सवड नव्हती. "आमच्याकडे माणसं कमी केली की शिस्त म्हणतात, तुमच्याकडे सेवा म्हणतात," असं अक्का तिला म्हणायच्या.

बुधवारी ड्यूटीच्या नवव्या तासाला अक्कांना पॅसेजमध्ये रिकामी व्हीलचेअर दिसली. दोन मिनिटं टेकून चार्ट लिहावा म्हणून त्या बसल्या. नेमका त्याच दिवशी कंत्राटदाराने नवा वॉर्डबॉय पाठवला होता. पन्नाशीचा, मिशीवाला, नियम तोंडपाठ. पेशंट बसलेली व्हीलचेअर पॅसेजमध्ये दिसली की ताबडतोब तपासणीला न्यायची, हा मॅनेजरांचाच नियम. शिवाय मॅनेजरांनी नर्सेसचे आणि पेशंटचे कपडे कापडाच्या एकाच फिक्या हिरव्या ताग्यातून शिवून घेतले होते. वॉर्डबॉयने पट्टा लावला आणि खुर्ची ढकलली.

"अहो, मी नर्स आहे," अक्का म्हणाल्या.

"असाल हो ताई. मघाशी एक आजोबा मी सर्जन आहे म्हणत होते. त्यांनाही नीट पोचवलं."

अक्कांना पट्टा सोडता आला असता. पण तीन दिवसांनी पाठ कशाला तरी टेकली होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना उठावंसंच वाटेना. तपासणीच्या खोलीत कोणीतरी मनगटाला पेशंटची पट्टी बांधली. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता रक्तदाब घेतला, आकडा पाहून परत घेतला, आणि मग पावलं पाहिली.

"किती वेळ उभ्या होतात?"

"आजचं सांगू की सोमवारपासूनचं?"

डॉक्टरीणबाईंनी चेहरा ओळखला, पण पायही पाहिले होते. सरळ भरती करून घेतलं. अर्ध्या तासात अक्का स्वतःच्याच वॉर्डात तीन नंबरच्या बेडवर पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या, आणि बाकीच्या नर्सेस तोंड दाबून हसत येऊन त्यांची नाडी बघून जात होत्या.

मॅनेजर धावतच आले. आधी हळू आवाजात उठायला सांगितलं, मग मेमो देईन म्हणाले.

"डिस्चार्जशिवाय पेशंटने बेड सोडायचा नाही. तुमचाच नियम, खाली सहीही तुमचीच आहे," अक्का म्हणाल्या. "मेमो जरूर द्या. पेशंटला मेमो देणारं पहिलं हॉस्पिटल म्हणून नाव तरी होईल."

शेजारच्या बेडवरच्या आजी आणि त्यांचे चार नातेवाईक कान देऊन ऐकत होते. "सकाळपासून माझं सलाईन हीच बघतेय," आजी म्हणाल्या. "बसली म्हणून काय हिचे हात गळून पडणार होते?"

मॅनेजरांचा चेहरा पडला. ज्यांना वाईट दिसेल म्हणून खुर्च्या काढल्या, तेच उलटले होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना लगेच डिस्चार्ज द्यायला सांगितलं. बाईंनी दिलाही, पण औषधाच्या जागी लिहिलं: दर तासाला दहा मिनिटं बसणे, खुर्ची कामाच्या जागी उपलब्ध असावी.

मॅनेजरांनी निमूटपणे एक खुर्ची मागवली.

"एकीने भागायचं नाही," अक्का बेडवरूनच म्हणाल्या. "अजून पाच जणींचे पाय सुजलेत. व्हीलचेअर चारच आहेत, पाचवीला स्ट्रेचर लागेल."

संध्याकाळच्या आत तिन्ही खुर्च्या परत आल्या. अक्कांनी डिस्चार्जचा तो कागद काउंटरमागे, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"वहिनी, तुमच्या मॅनेजरांनी गेल्या आठवड्यात आमच्या विश्वस्तांना शिस्तीवर भाषण दिलं म्हणे. आज आमच्याही खुर्च्या गेल्या."

अक्का आपल्या खुर्चीत मागे रेलल्या.

"वन्सं, तुमच्याकडे व्हीलचेअर किती?"

"एकच. तिचंही चाक मोडलंय."

"मग उत्तमच. कोणी ढकलत नेणार नाही. विश्वस्तांच्या दारासमोर लावा आणि बसा."